ताई, ही माती निळी का आहे?

बंद पडलेल्या कारखान्यांच्या, डेपोंच्या जमिनी तपासायच्या आणि तिथे माणसं परत वावरू शकतील असं करायचं, हे माझं काम. यावेळची जागा म्हणजे एक जुनं गॅसवर्क्स, आणि तिथे करायचा होता माउंटन बाईक पार्क. पंप ट्रॅक (पॅडल न मारता चालवायची उंचसखल वाट), दोन-तीन जंप लाइन्स (उड्या मारायच्या उंचवट्यांच्या रांगा), लहान मुलांसाठी एक सोपा लूप. आणि हे सगळं तिथलेच रायडर श्रमदानाने बांधणार.

नैसर्गिक गॅस यायच्या आधी शहरांतल्या दिव्यांना आणि चुलींना जो गॅस मिळायचा तो बंद भट्टीत कोळसा तापवून काढायचे. १८१२ मध्ये लंडनला पहिली कंपनी निघाली आणि मग शहराशहरांत गॅसवर्क्स उभी राहिली, त्यामुळे या जमिनी आज नेमक्या भरवस्तीत सापडतात. खाली डांबर मुरलेलं असतं, खणलं की डांबरगोळ्यांचा वास येतो, अगदी तोच, कारण दोन्हीत नॅप्थलीनच. आणि गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड आणि सायनाइड काढायला तो लोहाच्या ऑक्साइडमधून सोडायचे. ते ऑक्साइड निकामी झालं की तिथेच मागे कुठेतरी ओतून मोकळे. ते निळं पडतं. चित्रकलेच्या पेटीतला प्रशियन ब्लू, तोच तो.

आमचं डिझाइन साधं होतं. खालचं खाली राहू द्यायचं, त्यावर 'इथून खाली खणू नका' अशी खूण म्हणून भगव्या रंगाची जाळी अंथरायची, वर ६० सेंटीमीटर तपासलेली चांगली माती आणि ट्रेल त्याच्यावर. खाली काही खणायचं नाही, सगळं वर चढवत बांधायचं. सिएटलचं गॅस वर्क्स पार्क बघा, प्लांट बंद झाला १९५६ ला, पार्क उघडलं १९७५ ला, तिथली मोठी टेकडी म्हणजे डेब्रिजचा ढीग आणि वर चांगली माती. तत्त्व तेच. फरक एवढाच की टेकडीवर लोक बसतात आणि बाईक पार्कमध्ये लोक फावडं घेऊन येतात. लँडिंग (उडीनंतर उतरायची जागा) खचतं, बर्मच्या (वळणावरच्या मातीच्या बांधाच्या) आधी ब्रेक मारून मारून लाटा पडतात, लिप (उडी घ्यायची कड) पावसात गोल होतो, म्हणजे माती सतत लागते. हे रायडरना न सांगता कळतं, पण ज्यांनी ड्रॉइंग काढलं त्यांनी ही जागा पार्किंग लॉटसारखी काढली होती, एकदा केलं की झालं. चांगल्या मातीचा साठा त्यांनी गेटजवळ ठेवला कारण ट्रकला सोयीचं. जंप लाइन पार दुसऱ्या टोकाला. मी मीटिंगमध्ये म्हटलं होतं की एवढ्या लांबून घमेली कोण वाहणार, मिनिट्समध्ये नोंदपण आहे, पण पुढे काहीच झालं नाही.

तर त्या दिवशी सकाळी श्रमदान चालू, मी गेटवर आलेल्या ट्रकची माती बघत होते (ती पण तपासावी लागते, एक खेप आधीच परत पाठवली होती, त्यात ॲस्बेस्टॉस पत्र्याचे तुकडे होते) आणि एक मुलगा धावत आला, ताई, ही माती निळी का आहे? हातात ढेकूळ. बोटांना निळा डाग.

बर्मच्या मागच्या बाजूला गुडघ्यापेक्षा खोल खड्डा. लिप उंच करायचा होता, माती लांब होती, म्हणून मागूनच काढली. भगवी जाळी फावड्याने नीट कापून बाजूला ठेवलेली. मी विचारलं, ही जाळी दिसली नाही का? तर म्हणाला, दिसली ना, मध्ये येत होती म्हणून कापली.

काम थांबवलं. सगळ्यांना हात-तोंड धुवायला लावलं, धुतल्याशिवाय कुणी पाण्याची बाटलीसुद्धा तोंडाला लावायची नाही. बूट तिथेच काढायचे. मातीवर हलकं पाणी मारून वर प्लास्टिक, कारण धूळ उडणं आणि हातावरून तोंडात जाणं हेच खरे रस्ते. एवढ्यात साइटचा सुपरवायझर चुन्याची पोती घेऊन आला, टाकू का वर, निर्जंतुक होईल. मी ओरडलेच. प्रशियन ब्लू आम्लधर्मी मातीत गप्प बसतो, चुना टाकून अल्कली वाढवली की तो फुटतो आणि सायनाइडचं संयुग विरघळून पाण्याबरोबर चालू लागतं. चुना म्हणजे स्वच्छता हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं आहे की मला दर साइटवर हे सांगावं लागतं.

मग मॅनेजर म्हणाले, तुमच्या गनने बघा आणि सांगा ओके आहे का. एक्सआरएफ गन, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र, मातीला लावली की मिनिटभरात शिसं, आर्सेनिक, लोहाचे आकडे देते, म्हणून सगळ्यांना ती फार आवडते. पण सायनाइड तिला दिसतच नाही. डांबरातली संयुगंही नाहीत. आणि शिसं जास्त असलं की आर्सेनिकचा आकडाही जपून घ्यायचा, कारण दोघांच्या क्ष-किरणांच्या मुख्य रेषा, ज्यांवरून गन त्यांना ओळखते, जवळजवळ एकाच ठिकाणी येतात, साधारण १०.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला. शिवाय माती ओली असली की आकडे कमी येतात, आणि आत्ताच तर आम्ही पाणी मारलेलं. स्क्रीनवरचे आकडे बरे दिसत होते पण मी ओके म्हणाले नाही, सॅम्पल लॅबला पाठवलं. पार्क तेवढे दिवस बंद, आणि त्यावरून मला बरंच ऐकावं लागलं.

संध्याकाळी त्या मुलाची आई आली. माझ्या मुलाला काही होईल का? मी तिला सांगितलं की या निळ्या मातीतलं सायनाइड लोहाला घट्ट बांधलेलं असतं, थोडा वेळ हाताला लागून, धुऊन टाकल्यावर त्याने विषबाधा होत नाही, पण तीच माती रोज धुळीतून पोटात जात राहिली तर आर्सेनिक आणि डांबराची काळजी करावी लागते, म्हणून तर जाळी होती. लॅबचा रिपोर्ट आला तेव्हा मोकळं सायनाइड सापडलं नाही, बांधलेलं मात्र भरपूर. तिला मी स्वतः फोन करून सांगितलं. तिने एकच विचारलं, मग हे मुलांना आधी का नाही सांगितलं?

तेच माझ्या डोक्यातून जात नाही. जाळी आमच्यासाठी निरोप होता, त्यांच्यासाठी प्लास्टिक. त्यावर एक अक्षर छापलेलं नव्हतं. प्रवेशाच्या बोर्डवर 'खणू नये' एवढंच, कारण कमिटीच्या मते सायनाइड शब्द वाचून लोक घाबरतील आणि कुणी येणार नाही. खाली काय आहे हे माहीत नसेल तर जाळी जपायची कशासाठी? आणि जपणार तर तीच मुलं, आम्ही काम संपवून निघून जाणार, ती तिथे रोज असणार.

नंतर काहींनी सुचवलं की श्रमदानच बंद करा, कुंपण घाला, दुरुस्ती कंत्राटदार करेल. मला हे अजिबात पटलं नाही. रायडरनी हात लावला नाही तर असली जागा एका पावसाळ्यात मरते, आणि मग रात्री चोरून खणलं जातं, ते जास्त वाईट. भांडून भांडून दोन गोष्टी मिळवल्या. मातीचा साठा जंप लाइनच्या शेजारी आला. आणि एका कोपऱ्यात जाळीच्या वर दीड मीटर चांगली माती टाकून घेतली, तिथे मुलांनी हवं ते खणावं, पाडावं, परत बांधावं. पुढच्या श्रमदानाच्या आधी मी सीलबंद बरणीत ती निळी माती घेऊन गेले आणि सगळं सांगितलं, कोळशापासून. सगळ्यात जास्त प्रश्न लहान मुलांनी विचारले, आणि घाबरून घरी कुणी गेलं नाही. आता जाळीचा कोपरा कुठे उघडा पडला की फोटो मला त्यांच्याकडूनच येतो, कमिटीकडून नाही.

बोर्डचं अजून अडकलंय. माझ्या मसुद्यात सायनाइड पहिल्या ओळीत आहे आणि तो तिथून काढायला मी तयार नाही.