एक कमी आसा

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला माझ्या भाचीने तिच्या फुगडी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला. मेसेज नाही, फोन नाही, नुसती ती राखाडी ओळ, अमकी लेफ्ट. आणि मला कळलं कुठे तर सकाळी वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारात, बांगड्यांचा वाटा घेत होते तेवढ्यात मंडळातल्या एका मुलीची आई शेजारी येऊन विचारते, "तुमच्या चेडवाक काय झाला गो? चवथीक तीन आठवडे रवले आणि ह्या मधीच सोडून गेला?" मला काय बोलावं सुचेना, वाटा पिशवीत टाकला आणि तडक घरी आले.

मंडळात आठ जणी, म्हणजे चार जोड्या. भाची पुढे गाणारी, फुगडी घालता घालता पहिली ओळ ती टाकते आणि बाकीच्या ती उचलतात. गेल्या वर्षीच्या स्पर्धेचा व्हिडिओ कुणीतरी यूट्यूबवर टाकलेला, तो सावंतवाडीतल्या एका मुलाने बघितला, त्याचा घरातच छोटासा स्टुडिओ आहे, त्याने निरोप पाठवला की तुझ्या एकटीचं गाणं करूया. अठरा वर्षांची पोर, हरखून गेली, आणि खरं सांगायचं तर मीपण हरखले, तिचा आवाज आहेच तसा, जरा खरखरीत आणि वर गेला की एकदम मोकळा.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली, डोळे सुजलेले. मंडळातल्या पोरी बोलत नाहीयेत म्हणून. म्हणाली, "मावशे, रोझेन पण एकटीनच गाणा केल्यान मा, मगे माकाच कित्याक बोलतंत?"

रोझे म्हणजे ब्लॅकपिंक या चार मुलींच्या कोरियन ग्रुपमधली. तिचं 2024 मधलं ब्रुनो मार्सबरोबरचं ते अपार्टमेंटच्या खेळावरचं गाणं आमच्या वाडीतल्या बारक्या पोरांनापण पाठ आहे. पण मी तिला म्हणलं, बाय, रोझेने ग्रुप सोडलाच नाही. 2023 च्या डिसेंबरमध्ये त्या चौघींनी कंपनीबरोबर ग्रुपचा करार पुन्हा नव्याने केला आणि एकटीच्या कामाचा करार मात्र केला नाही, त्यासाठी प्रत्येकीने आपापली वेगळी सोय लावली, म्हणजे कागदावरच दोन वाटा वेगळ्या झाल्या. म्हणून तर 2025 मध्ये चौघी परत एकत्र दौऱ्यावर निघाल्या. तुझा तसा नाय झाला, तुझा कमिलासारखा झाला.

तिला कमिला कबेयो गाण्यापुरती माहीत, ग्रुपचं काही माहीत नव्हतं, तेव्हा ती शाळेत होती. मला मात्र सगळं आठवतं कारण तिचा तो ग्रुप, फिफ्थ हार्मनी, मी अगदी मनापासून ऐकायचे. मजा बघा, त्या पाचही जणी 2012 मध्ये अमेरिकेतल्या एक्स फॅक्टर या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत एकेकट्याच गायला आल्या होत्या. एकेकट्या म्हणून बाद झाल्या आणि मग परीक्षकांनी बोलावून पाच जणींचा ग्रुप केला. तिसऱ्या आल्या. ग्रुपचं नावसुद्धा दोनदा बदललं, शेवटचं लोकांनी मतं देऊन ठरवलं. म्हणजे आपण म्हणतो ना की ग्रुप सोडून एकटी झाली, तर ती आधी एकटीच होती, ग्रुप मधे आला. कमिला तेव्हा पंधरा वर्षांची होती, ती मूळची क्यूबाची, त्यांच्याकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस थाटात करतात, तिने घरी सांगितलं की पार्टी नको, मला ऑडिशनला न्या.

आणि मग 18 डिसेंबर 2016 ची रात्र. ग्रुपच्या अकाउंटवरून निवेदन आलं की साडेचार वर्षं एकत्र काढल्यावर कमिलाने सोडायचं ठरवलंय, आणि हे आम्हाला तिच्या प्रतिनिधींकडून कळलं. दुसऱ्या दिवशी कमिलाने लिहिलं की हे वाचून मलाच धक्का बसला, माझ्या मनात काय चाललंय ते त्यांना चांगलं माहीत होतं, आम्ही त्यावर खूप बोललो होतो. खरं काय ते त्या पाच जणींना ठाऊक. पण 'प्रतिनिधींकडून' हा शब्द मला अजून टोचतो. एका बसमधून फिरलात, एका स्टेजवर घाम गाळलात, आणि निरोप तिसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून, किंवा तसं कुणाला वाटलं तरी तेवढंच दुखतं.

मला का टोचतो तेही सांगते. 2002 मध्ये चॅनल व्हीवर पॉपस्टार्स लागायचं, त्यातून व्हिवा नावाचा पाच मुलींचा ग्रुप निघाला, आणि आम्ही कॉलेजातल्या चौघी तो कार्यक्रम बघून अक्षरशः वेड्या झालो. गॅदरिंगला चौघी गायलो, मग गावच्या गणपतीत, मग शेजारच्या गावात. एक दिवस आमच्यातली सगळ्यात चांगली गाणारी मुंबईला गेली, गाणं शिकायला. मला ते तिच्या आईकडून कळलं, तेपण एसटी स्टँडवर. वीस वर्षं झाली असतील, मी तिच्याशी कधी नीट बोलले नाही. ती गेली याचा राग नव्हता हो. ती जाणारच होती, तिच्यात होतं ते. स्टँडवर कळलं याचा राग होता.

व्हिवापण पुढे टिकला नाही. त्यातली नेहा भसीन एकटी गात राहिली आणि 'सुलतान'मधल्या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं ते 2017 मध्ये. 2002 ते 2017, पंधरा वर्षं. हे मी भाचीला मुद्दाम सांगितलं कारण तिला वाटतं एक गाणं आलं की झालं.

बरं, कमिलाचंपण लगेच जमलं असं नाही. पहिलं एकटीचं गाणं 2017 च्या मे महिन्यात आलं, फारसं चाललं नाही. ऑगस्टमध्ये 'हवाना' आलं, तेसुद्धा आधी मुख्य गाणं म्हणून नव्हतं, पण लोकांनीच उचलून धरलं. अल्बमचं ठरलेलं नाव बाजूला ठेवून नुसतं 'कमिला' ठेवलं, आणि 2018 च्या जानेवारीत एकाच आठवड्यात गाणंपण अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत पहिलं आणि अल्बमपण पहिला. वय वीस. हवाना म्हणजे क्यूबाची राजधानी, ती जन्मली त्याच्या पूर्वेला कोहिमारला, मच्छीमारांचं गाव आहे ते, होड्या आणि खारा वारा, आपल्यासारखंच. मला नेहमी वाटतं की हे गाणं तिला ग्रुपमध्ये राहून गाता आलंच नसतं. पाच घरांतल्या पाच मुली, त्यात कुणा एकीचं गाव कसं मावणार? एकटी झाली तेव्हा कुठे तिला तिचं गाव गाता आलं. भाचीलापण पहिलं गाणं मालवणीतच करायचंय, तिच्या आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांवरून.

ती एकदा स्टुडिओत जाऊन आलीय. तिने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. दाराला गोधडी लावलेली, आवाज येतो म्हणून पंखा बंद, बाहेर पाऊस थांबायची वाट बघत बसले, मग हेडफोन लावून पहिली ओळ. म्हणाली, "मावशे, माका पयल्यांदा माझो श्वास ऐकाक इलो." फुगडीत गिरकी घेताना श्वास संपतो ना, तेव्हा बाकीच्या सात जणी ओळ धरून ठेवतात, तू गुपचूप श्वास घेतेस आणि परत आत शिरतेस, कुणाला कळत नाही. इथे ओळ सुटली की सुटली. त्या मुलाने दाखवलं स्क्रीनवर, हा बघ तुझा श्वास, एवढासा उंचवटा. एकच ओळ तिने इतक्या वेळा म्हटली की शेवटी शब्दांचा अर्थच लागेना. मोठ्या ग्रुपमध्येपण हेच असतं, गाणं वाटून घेतलेलं, एकीला कडवं, दुसरीला वरचा सूर, तिसरीला मधल्या जागा, आणि एकटी झालीस की सगळं अंगावर.

पण हे झालं जाणारीचं. राहिलेल्यांचं कोण विचारतं? 2017 च्या एमटीव्ही अवॉर्डला फिफ्थ हार्मनी स्टेजवर आल्या तेव्हा सुरुवातीला पाच आकृत्या उभ्या, आणि गाणं सुरू व्हायच्या आत त्यातली एक मागे फेकल्यासारखी खाली पडते. टाळ्या पडल्या खूप. मला बघवलं नाही, आणि तरी मला त्या चौघींचं कळत होतं. 2018 च्या मार्चमध्ये त्यांनीपण थांबत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे एकीने ठरवलं आणि पाचही जणी एकट्या झाल्या, चौघींना तयारीला वेळच मिळाला नाही. त्यांच्यातल्या नॉर्मानीचं तर बघा, नाचायला, गायला कसली भारी मुलगी, तिचा पहिला अल्बम यायला 2024 चा जून उजाडला.

हे सगळं मी भाचीला सांगितलं आणि म्हणलं, गाणं कर, शंभर वेळा कर, पण तोंडावर जाऊन सांग. ती नको नको म्हणत होती. गुरुवारी मीच घेऊन गेले. पाऊस होता म्हणून सराव देवळाच्या सभामंडपात. तीन जोड्या उभ्या, आणि सातवी, शाळेत पाचवीत असल्यापासून भाचीची जोडीदार, खांबाला टेकून मोबाईल बघत बसलेली. फुगडीत एकटीला काही करताच येत नाही.

भाची चपला काढून आत गेली आणि एका दमात म्हणाली, "माका गाण्याक जावचा आसा. आधी सांगूक व्हया होता. सांगलंय नाय." कुणीच बोललं नाही. पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता. मग एकीने विचारलं, "चवथीक येतलस काय नाय तां सांग." "येतलंय. शनवारी तेवढा सावंतवाडीक जातलंय."

जोडीदारणीने मोबाईल कठड्यावर पालथा ठेवला, ओढणी कमरेला करकचून बांधली, आणि हिच्याकडे न बघताच हात पुढे केले. "ये. एक कमी आसा."

पहिली ओळ त्या दिवशी दुसरीनेच टाकली. भाचीने उचलली.