चाळकेवाडीच्या पठारावर रंगीत गळ्याचा सरडा

साताऱ्याहून सज्जनगडाच्या रस्त्याने ठोसेघरच्या पुढे गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. लोक पवनचक्क्या बघायला जातात. आम्ही मे महिन्यात मुलांना घेऊन गेलो ते तिथला सरडा बघायला. पावसाळ्यानंतर फुलांच्या हंगामात गेलात तर त्याच्या गळ्याच्या रंगांचा सोहळा हुकतो. उन्हाळा सुरू झाल्यापासून पाऊस पडेपर्यंतच तो ऐन रंगात असतो.

मुलांनो, तिथे पोचल्यावर गवतात शोधू नका, दगडांच्या माथ्यावर बघा. पठारावर जांभा खडक, वाळलेलं गवत आणि तुरळक झुडपं. नर उंचसा दगड धरून बसतो. अंग बोटभर, शेपूट त्याहून लांब, रंग मातकट. हलला नाही तर दिसायचाच नाही. मग अचानक गळ्याखालची घडी उलगडते आणि निळा, काळा, नारिंगी असा पंखा झळकतो! पुढचे पाय ताठ, मान वर. पंखा मिटतो, पुन्हा उघडतो. मादीला बोलवायचं आणि शेजारच्या नराला ‘ही जागा माझी’ असं बजावायचं, दोन्ही कामं त्यातच होतात. मादीच्या गळ्याला असे रंग नसतात. ती मातीत अंडी घालते. दोघांचं खाणं म्हणजे मुंग्या, नाकतोडे, भुंगेरे.

याचं शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा. २०१६ मध्ये ही जात वेगळी म्हणून नोंदवली गेली. २०१८ मध्ये इथल्याच अभ्यासातून कळलं की पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी फार कमी फिरकतात, म्हणून तिथे सरडे जास्त आणि माणसालाही कमी बुजणारे. पण खाणारी तोंडं वाढल्यामुळे ते अंगाने बारीक, रंगानेही फिके. तो पळत नाही म्हणून त्याच्या अंगावर जाऊ नका, एवढं मी कळकळीने सांगेन. नर पंखा मिटून बसला की त्याचा मोलाचा वेळ फुकट जातो.

सकाळी ऊन चढायला लागलं की पोचा. सूर्य पाठीशी ठेवून लांब उभे राहा. दुर्बीण असेल तर उत्तमच. सावली जवळपास नाहीच, तेव्हा टोप्या घाला आणि पाणी, डबा साताऱ्यातूनच घ्या. दगड उलटू नका, खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं. गाडी रस्त्यावरच ठेवा. पठारावर घातली तर मातीतली अंडी चाकांखाली चिरडतील.