तुम्ही विचारलंत म्हणून: पिनेची भोकं असलेली नोट घ्यावी का?

‘नोटेला पिनेची भोकं आहेत. घेऊ की सोडून देऊ?’ जुन्या नोटा जमवतो हे कळल्यापासून महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो, सोबत व्हॉट्सॲपवर फोटो. फोटोत बहुतेक वेळा सहाव्या जॉर्जची पाचाची नाहीतर दहाची नोट असते, आणि त्यातही सी. डी. देशमुखांच्या सहीची. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आपल्या रायगडातला, त्यामुळे मराठी माणसाचा जीव त्या सहीत जरा जास्तच अडकतो.

भाव बरा असेल तर घ्या. बिनभोकाचीच हवी म्हणून अडून बसलात तर बसूनच राहाल. शंभर नोटांची गड्डी बांधायची म्हणजे तिच्यातून पिन आरपार ठोकायची, ही आपल्याकडची जुनी रीत. २००१ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना पिना मारणं बंद करायला सांगितलं, तोवर ती चालूच होती. म्हणजे एकदाही खिशात न गेलेल्या कोऱ्या करकरीत नोटेलाही भोकं असू शकतात. नोटांची प्रत ठरवणाऱ्या पीएमजीसारख्या परदेशी कंपन्यासुद्धा आपल्या नोटांच्या लेबलवर ‘स्टेपल होल्स ॲट इश्यू’, म्हणजे भोकं नोट बँकेतून निघतानाचीच, असं लिहितात.

भोकं किती, यापेक्षा मी त्यांची कड बघतो. कड स्वच्छ असेल तर ठीक. भोकाभोवती तांबूस कडं दिसलं तर तो गंज, आणि आपल्या पावसाळ्यात गंज स्वस्थ बसत नाही. दुसरं म्हणजे दोन भोकांमधला कागद. नखाने पिन उचकटली असेल तर तिथे बारीक चीर गेलेली असते. समोरून ती दिसत नाही, नोट उजेडासमोर धरली की दिसते. म्हणून फोटो मागाल तेव्हा नोट प्लॅस्टिकमधून बाहेर काढून, मागे दिवा ठेवून काढलेला मागा. विक्रेता टाळाटाळ करायला लागला तर तेही उत्तरच समजा.

खरी भीती बाळगायची ती धुतलेल्या आणि इस्त्री केलेल्या नोटेची. याची फी मी भरलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात दहाची एक नोट घेतली. सपाट, पांढरीशुभ्र, घडी म्हणून कुठे नाही. विक्रेता म्हणाला, ‘यूएनसी आहे साहेब’, म्हणजे कधीच न वापरलेली, आणि मी तेवढे पैसे मोजले. जुलैत अल्बम उघडला तर नोटेच्या बरोबर मधोमध उभी रेघ. हवेतला दमटपणा कागदात शिरला आणि दाबून बसवलेली घडी पुन्हा वर आली. दुसरीही आली, आडवी.

आता मी टॉर्च घेऊनच जातो. नोट टेबलावर ठेवायची आणि उजेड बाजूने, अगदी तिरपा पाडायचा. घडी मोडली असेल तर तिथली शाई तुटलेली दिसते. इस्त्रीने कागद सपाट होतो, शाई परत येत नाही. कोऱ्या नोटेवर नंबर छापताना पडलेला दाब मागच्या बाजूलाही जाणवतो, तो इस्त्रीखाली मरतो. धुतलेली नोट हातात घेतली की मऊ लागते, कांजी गेलेल्या धोतरासारखी. आणि ऐंशी वर्षांचा कागद कालच्या वहीसारखा पांढरा दिसला तर खूश होऊ नका.

सेलोटेप लावलेली नोट मी घेतच नाही. टेप निघते, पिवळा पट्टा राहतो. झिजलेले कोपरे कात्रीने सरळ करणारेही भेटतात. तशीच दुसरी नोट वर ठेवून बघा, लगेच कळतं. बाकी विटलेला रंग, एखादा तेलकट डाग, या गोष्टी दिसतात आणि त्या हिशोबाने भाव पाडून मागता येतो.

माझ्याकडच्या देशमुखांच्या दहाच्या नोटेला चार भोकं आहेत, आणि जलचिन्हाच्या मोकळ्या जागेत कुणा कॅशिअरने निळ्या पेन्सिलीने टाकलेला आकडा. विकायला काढली तर पैसे कमी येतील, हे मला माहीत आहे. घरी नोटा बघायला आलेल्या एका गृहस्थांनी ‘तो आकडा हलक्या हाताने रबराने खोडून टाका’ असं सुचवलं. मी अल्बम मिटला आणि चहा टाकायला आत गेलो.