थ्रू द एजेस: पटावरचा डाव आणि फोनवरचा डाव

‘थ्रू द एजेस’ या खेळाचे खोके आमच्या मुलुंडच्या घरी २०१६ पासून आहे आणि त्याचे ॲप माझ्या फोनमध्ये २०१८ पासून. या दोहोंपैकी खरा खेळ कोणता, यावर आमच्या मंडळींत इतक्यांदा वाद झाला आहे की प्रत्येकाची बाजू मला पाठ आहे. मी आजवर ठामपणे ॲपच्या बाजूने बोलत आले. गेल्या महिन्यात झालेल्या एका डावानंतर माझ्या मताला एका जागी मुरड घालावी लागली, आणि ती नेमकी कुठे हे सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्लादा ख्वाटिल या चेक खेळकर्त्याने तो रचला. पहिली आवृत्ती २००६ साली आली, सुधारलेली २०१५ साली, आणि सीजीई डिजिटलने त्याचे ॲप २०१७ मध्ये फोनवर व पुढच्या वर्षी संगणकावर आणले. दोन ते चार भिडूंनी आपापली संस्कृती प्राचीन काळापासून आधुनिक काळापर्यंत वाढवायची, आणि शेवटी ज्याचे संस्कृती-गुण जास्त तो जिंकला. यात नकाशा नाही. मधोमध तेरा कार्डांची एक रांग असते. पहिली पाच कार्डे एका कृतीत उचलता येतात, पुढची चार दोन कृतींत आणि शेवटची चार तीन कृतींत. सुरुवातीला प्रत्येकाला एका खेळीत चार नागरी आणि दोन लष्करी कृती मिळतात. एवढ्या तुटपुंज्या कृतींत शेती, खाणी, प्रयोगशाळा, सैन्य, राज्यपद्धती, आश्चर्ये आणि नेते हे सगळे सांभाळायचे असल्यामुळे प्रत्येक खेळीत काहीतरी सोडून द्यावेच लागते, आणि या खेळाची सारी गोडी त्या सोडून देण्यात आहे.

मात्र पटावर खेळताना त्या गोडीपर्यंत पोहोचण्याआधी बरीच हमाली करावी लागते. खेळी संपली की विज्ञान आणि संस्कृतीचे गुण पुढे सरकवायचे, मग भ्रष्टाचाराचा दंड भरायचा, मग शेतातले धान्य काढायचे, लोकांना खाऊ घालायचे, मग खाणीतले उत्पादन घ्यायचे आणि लष्करी कार्डे ओढायची. प्रत्येक टप्प्यावर छोट्या निळ्या-पिवळ्या सोंगट्या इकडून तिकडे हलवायच्या. चार जणांचा डाव आमच्याकडे पाच तासांच्या आत कधीही संपलेला नाही. पावसाळ्यात दमट हवेने कार्डे वाकतात, पंखा दोनवर लावला तर ती उडतात आणि बंद केला तर माणसे घामाघूम होतात. एकदा एक निळी सोंगटी दिवाणाखाली गेली आणि ती शोधून होईपर्यंत माझ्या नवऱ्याने या खेळीचे उत्पादन घेतले होते की नाही हेच कोणाला आठवेना. अशा वेळी दोन खेळ्या मागे जाऊन हिशेब जुळवावा लागतो, आणि तो जुळला तरी मनात शंका राहतेच.

ॲपने ही सगळी हमाली एका फटक्यात संपवली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने आम्हांला नियम शिकवले. ॲपमधला शिकवणीचा भाग खुद्द ख्वाटिल यांच्या व्यंगचित्राच्या तोंडून सांगितला आहे, आणि इतक्या अवघड खेळाची इतकी समजूतदार ओळख मी दुसरीकडे पाहिलेली नाही. ती पाहतानाच लक्षात आले की आम्ही खोक्यातल्या खेळाचा क्रम वर्षभर उलटा लावत होतो. आम्ही आधी खाणीतले उत्पादन घ्यायचो आणि मग भ्रष्टाचाराचा दंड मोजायचो, वास्तविक दंड आधी मोजायचा असतो. हा फरक वरवर लहान वाटतो, पण उत्पादन घेताना निळ्या सोंगट्या पेढीतून, म्हणजे न वापरलेल्या सोंगट्यांच्या साठ्यातून, बाहेर पडतात आणि पेढी जितकी रिकामी तितका दंड जास्त. म्हणजे आम्ही वर्षभर स्वतःवर नियमापेक्षा मोठा दंड लादत होतो आणि हा खेळ फार कठोर आहे असे एकमेकांना सांगत होतो. नियमपुस्तिका चारही जणांनी वाचली होती. चूक दाखवली ती ॲपने, कारण ते चुकीचा क्रम लावूच देत नाही.

रोजच्या जगण्यात बसणारा खेळही ॲपचाच. मी सकाळी धीमी लोकल पकडते. मुलुंडला चढताना लेडीज डब्यात बसायला मिळणे अशक्यच, पण “कुठे उतरणार?” असे विचारून ठेवले की घाटकोपरला मेट्रोसाठी उतरणाऱ्या एखादीची चौथी सीट पदरात पडते. तिथून दादरपर्यंत माझी एक खेळी निवांत होते. शेजारच्या वहिनी मुले झोपल्यावर रात्री अकराच्या सुमारास त्यांची खेळी करतात. आमचा एक डाव नऊ दिवस चालला होता आणि त्या नऊ दिवसांत आम्ही दोघी या खेळासाठी एकदाही समोरासमोर बसलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी ॲप उघडले की समोरच्याने काय काय केले ते ओळीने दाखवले जाते, त्यामुळे विद्याविहारच्या आत मला पुन्हा सगळा डाव ध्यानात येतो. वहिनींचे म्हणणे असे, की संसार आणि नोकरी करणाऱ्या बाईला पाच तासांचा डाव वर्षातून दोनदाच मिळतो, आणि वर्षातून दोनदा खेळून हा खेळ कधीच समजत नाही. मला हे मत शंभर टक्के मान्य आहे. घेतलेली चाल मागे घेण्याची सोयसुद्धा त्यांना फार मोलाची वाटते. जोवर नवे काही उघड झालेले नाही तोवर आपल्या खेळीतली चाल परत घेता येते, त्यामुळे एकाच खेळीचे तीन पर्याय करून पाहता येतात. पटावर तीन वेळा सोंगट्या मागेपुढे केल्या तर बाकीचे उठून चहा टाकायला जातील.

तक्रारीही आहेत आणि त्यांतल्या काही रास्त आहेत. माझ्या कार्यालयातले एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, फोनवर खेळतच नाहीत, कारण कार्डांवरचा इंग्रजी मजकूर फोनवर त्यांना डोळ्यांजवळ धरून वाचावा लागतो आणि बाकीच्या भिडूंचे पट पाहायला सारखे बोट फिरवावे लागते. पटावर मान वर केली की चारही संस्कृती एका नजरेत दिसतात, फोनवर एका वेळी एकच नीट दिसते. टॅबवर हा त्रास बराच कमी होतो, एवढे मी अनुभवाने सांगू शकते.

मला याहून गंभीर वाटणारा दोष माझ्या भाच्यामुळे कळला. तो हा खेळ थेट ॲपवरच शिकला, शंभराहून अधिक डाव खेळला, आणि फोनवर मला सहज हरवतो. दिवाळीत तो आमच्याकडे आला तेव्हा पहिल्यांदाच खोक्यातला पट मांडून बसला. दुसऱ्या युगाच्या सुरुवातीला दंड भरण्याची वेळ आली आणि मी त्याच्या साठ्यातून चार रिसोर्स, म्हणजे खाणीतून मिळालेली संपत्ती, उचलून घ्यायला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “मावशी, हे चार नेहमी जातात, पण का जातात?” मी त्याला त्याची निळी पेढी दाखवली. खाणीवर साठवलेली प्रत्येक निळी सोंगटी त्या पेढीतूनच येते. पेढीचा एक भाग रिकामा झाला की दोन रिसोर्सचा दंड, आणखी रिकामी झाली की चार, आणि पूर्ण रिकामी झाली की सहा. कांस्याच्या खाणीवर एक सोंगटी म्हणजे एक रिसोर्स, लोखंडाच्या खाणीवर तीच सोंगटी दोनची, कोळशाच्या खाणीवर तीनची. म्हणजे चांगली खाण घेण्याचा खरा लाभ केवळ उत्पादन वाढण्यात नाही, तर तेवढीच संपत्ती कमी सोंगट्यांत मावते आणि पेढी भरलेली राहते यातही आहे. तो बराच वेळ त्या रिकाम्या चौकटींकडे बघत बसला. शंभर डाव तो या दंडाला दर खेळीचा एक ठरलेला कर समजत होता. ॲप त्याच्याशी खोटे बोलले नव्हते. पेढी पडद्यावर तिथेही दिसते. पण जी गोष्ट हाताने उचलून ठेवावी लागत नाही तिच्याकडे माणूस बघत नाही, आणि इथे ती गोष्ट म्हणजे साऱ्या अर्थव्यवस्थेचा कणा होता.

आता गेल्या महिन्यातला डाव. नवरा, काका, वहिनी आणि मी असे चौघे खोक्यातल्या पटावर खेळत होतो. तिसऱ्या युगात माझे सैन्यबळ चौघांत सर्वांत कमी होते, म्हणून मी गांधींचे कार्ड घेतले. ते घेतले की आपल्याला स्वतः आक्रमण किंवा युद्ध करता येत नाही, आणि आपल्यावर चाल करून येणाऱ्याला दुप्पट लष्करी कृती खर्चाव्या लागतात. माझे कार्यालय गावदेवीत आहे, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले की चालत जाताना मणिभवन लागते, जिथे १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की गांधीजी उतरत. त्यांचे मोठेपण कोणत्याही कार्डात मावणारे नाही, हे मला कळते. तरीही समोरच्याला हिंसेची किंमत दुप्पट मोजायला लावणे ही कल्पना या खेळाच्या भाषेत जितकी नेमकी बसली आहे तितकी दुसऱ्या कोणत्याही नेत्याची बसलेली नाही, असे मला मनापासून वाटते.

काकांच्या हातात संस्कृतीसाठीच्या युद्धाचे कार्ड होते. सैन्यबळात जितका फरक तितके संस्कृती-गुण हरणाऱ्याकडून जिंकणाऱ्याकडे जातात. दुप्पट किंमत मोजण्याइतक्या लष्करी कृती त्यांच्यापाशी होत्या आणि माझ्याकडून त्यांना सर्वांत मोठा घास मिळणार होता. ते कार्ड हातात धरून मोठ्याने हिशेब करू लागले. वहिनी म्हणाल्या, “काका, हिला मारून तुम्ही दुसरे व्हाल. पहिले व्हायचे असेल तर दादांकडे बघा.” नवऱ्याने लगेच आपली बाजू मांडली, मी माझी मांडली, आणि दहा मिनिटे कोणीही सोंगटीला हात न लावता चौघे नुसते बोलत होतो. शेवटी काकांनी एकपट किमतीत माझ्या नवऱ्यावर युद्ध पुकारले. मी त्या डावात तिसरी आले. पण ती दहा मिनिटे हा त्या पाच तासांतला सर्वांत चांगला भाग होता, आणि इतक्या वर्षांत फोनवर माझ्या वाट्याला तसे काही आलेले नाही. फोनवर अनोळखी भिडूंशी खेळताना माझ्याशी कोणी बोलत नाही. गांधींचे कार्ड पाहिले की समोरचा मुकाट हिशेब करतो आणि चाल करतो किंवा पुढे जातो.

काकांचा मूळ आक्षेप मला त्या दिवशी पहिल्यांदा समजला. ते नेहमी म्हणत, की फोनवर समोरचा हरायला लागला की डाव सोडून जातो. मी त्यांना उत्तर देत असे, की डाव सोडणे नियमातच आहे. ते खरे आहे. आपल्या राजकीय टप्प्यात भिडू डाव सोडू शकतो, आणि त्याच्यावर युद्ध पुकारलेले असेल तर पुकारणाऱ्याला सात संस्कृती-गुण मिळतात. दोघांच्या डावात दुसरा तिथेच जिंकतो. पण आमच्या टेबलाशी आजवर एकानेही डाव सोडलेला नाही. ज्याने पोहे खाल्ले आहेत, पावसात डोंबिवलीहून मुलुंडला आला आहे, तो चौथ्या क्रमांकावर असला तरी शेवटच्या खेळीपर्यंत बसतो, आणि तो बसल्यामुळेच त्याच्या दुबळेपणाचा फायदा कोण घेणार हा प्रश्न शेवटपर्यंत जिवंत राहतो. दोघांच्या डावात हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण चाल करायला दुसरा कोणी नसतोच.

म्हणून माझे मत आता असे आहे. दोघांचा डाव फोनवरच खेळावा, तो तिथे पटापेक्षा चांगला होतो. नवख्याला ॲपवर शिकवावे, पण दहाएक डाव झाल्यावर त्याला एकदा सोंगट्या हाताने हलवायला लावाव्यात, म्हणजे पेढीचे गणित डोक्यात बसते. आणि तिघे-चौघे जमणार असतील तर खोके काढावे, पाच तास लागले तरी.

गेल्या रविवारी भाचा आला होता म्हणून पुन्हा पट मांडला. दुसरे युग अर्ध्यावर आले आणि जेवणासाठी टेबल रिकामे करावे लागले, तेव्हा त्याने चारही पटांचे फोटो काढून सोंगट्या वेगवेगळ्या डब्यांत भरून ठेवल्या. त्याच्या निळ्या पेढीचा एकही भाग रिकामा नव्हता. तो डाव येत्या रविवारी पुढे चालू होईल. वहिनींशी फोनवरचा नवा डाव सुरू झालाच आहे. काल रात्री त्यांनी तीन कृती मोजून ताजमहाल उचलला, आणि आज घाटकोपरनंतर माझी खेळी आहे.