नेरळ–दस्तुरी, उतार आणि मालडबा

आजची संध्याकाळची सायकलची ग्रुप राइड नेरळहून माथेरानच्या दस्तुरीपर्यंत. सात-आठ किलोमीटरच, पण चढ मांड्या पेटवणारा. चेनच्या पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला ३२ दात असतील तरच बसून चढता येतं. हलका गिअर वळणाआधीच टाकायचा. पायावर पूर्ण जोर असताना बदलला की चेन उतरते. आज तिघांची उतरली!

दस्तुरीपुढे वाहनबंदी, तिथूनच वळायचं. अंधारात उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा, म्हणजे डिस्क (चाकावरची ब्रेकची चकती) थंड होते. खाली आल्यावर तिला बोट लावू नका, चटका बसतो.

नेरळला सीएसएमटीकडची लोकल. संध्याकाळी गर्दी उलट दिशेला, म्हणून मालडब्यात जागा मिळते. लगेज तिकीट आधी काढा. गाडी थांबते जेमतेम अर्धा मिनिट, त्यामुळे पुढचं चाक फलाटावरच काढून ठेवा. डिस्क ब्रेक असेल तर चकती दाबणाऱ्या पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची घडी सारा. डब्यात कुणाचा हात चुकून ब्रेकच्या लिव्हरवर पडला की पॅड चिकटतात आणि घरी चाक बसत नाही. सायकल ठेवताना चेन भिंतीकडे, आतल्या बाजूला. माशांच्या पाट्यांना ग्रीस लागलं तर मावशी दादरपर्यंत सोडत नाहीत.