दगडाचं गाव कुठलं?

गेल्या महिन्यात इंग्लंडमधल्या एका ऑनलाइन ऑक्शनमधून मी स्टिलबाइट नावाच्या स्फटिकाचा एक पीस घेतला. तळहाताएवढा, फिकट पीच रंगाचा, उजेडात धरला की मोत्यासारखी झाक मारतो, आणि सोबत पिवळी पडलेली एक चिठ्ठी, तिच्यावर शाईनं इंग्रजीत लिहिलेलं, स्टिलबाइट, भोर घाट, पूना. खरं सांगतो, बोली लावली ती निम्म्याहून जास्त त्या चिठ्ठीसाठी.

१८५६ ते १८६३ या काळात भोर घाटातून रेल्वे वर चढवली, बोगदे काढले, कातळ सुरुंगानं फोडला, आणि त्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांमधून हे असले स्फटिक बाहेर पडले. बरेच विलायतेला गेले. माझ्या चिठ्ठीवर साल नाही, त्यामुळं माझा पीस नेमका त्याच कामातला आहे असा दावा मी करणार नाही. पण घाटातला दगड तिकडं जाऊन, कुणाच्या तरी कपाटात कितीतरी वर्षं राहून परत सह्याद्रीच्या अलीकडं कोल्हापुरात आला ह्याचा मला जो आनंद झालाय तो कुणाला तरी सांगावा म्हणून हे लिहायला बसलो.

हा नाद लागला मामाच्या विहिरीपाशी. पन्हाळ्याच्या बाजूला मामाचं रान आहे, तिथं विहीर पाडायचं काम चाललं होतं, मी सहावी-सातवीत असेन. सुरुंग उडाल्यावर वर आलेल्या दगडात एक पोकळी होती आणि आत पांढऱ्या सुयांचा झुपका. कामावरचे लोक म्हणाले गार आहे, टाक तिकडं. मी दप्तरात घालून घरी आणला आणि घरी येईपर्यंत निम्म्या सुया मोडल्या होत्या, ते अजून लागून राहिलंय. नंतर कळलं की सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर बसले, त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढं गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्या पाण्यातलं द्रव्य पोकळीत सावकाश जमून हे स्टिलबाइटसारखे झिओलाइट तयार झाले. झिओलाइट म्हणजे उकळणारा दगड, १७५६ साली क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं हे नाव दिलं कारण तापवल्यावर तो दगड उकळल्यासारखा फसफसला, आत पाणी धरून ठेवलेलं असतं ना. अपोफिलाइट नावाचा स्फटिक सगळे त्यातच धरतात पण तो झिओलाइट नाही, फक्त शेजारी सापडतो. आणि वाघोलीच्या खाणीतला कॅव्हनसाइट, तो निळा रंग फोटोत येतच नाही, सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये एकदा जाऊन प्रत्यक्ष बघाच.

बोली लावायचं मात्र मी गुळाच्या सौद्यात शिकलो. आबा शाहू मार्केट यार्डात गूळ घेऊन जायचे, सुट्टी असली की मी बरोबर. व्यापारी गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, रंग बघणार, टोकरून कणी बघणार, जिभेवर ठेवणार, मगच आकडा बोलणार, आणि मनातल्या आकड्याच्या वर गेलं की गप्प पुढच्या रव्याकडं. ऑनलाइनला हातात काहीच नसतं, चार फोटो असतात आणि ते पण चांगल्या बाजूचे. म्हणून मी दरवेळी मेल करून मागतो, मागची बाजू, खालची बाजू, शेजारी पट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात. कुठला स्फटिक मोडलाय, कुठला परत चिकटवलाय हे सरळ विचारतो. यूव्ही टॉर्चखालचा फोटो मिळाला तर उत्तम, कारण डिंक बऱ्याचदा निळसर पांढरा चमकतो. कॅल्साइट पण चमकतो, तेव्हा नुसत्या चमकेवरून कुणावर आळ घेऊ नका, सांध्याची रेघ दिसते का ते बघा.

आणि पैशाचा हिशोब आधी करा. हातोडा पडतो तो आकडा म्हणजे शेवटचा आकडा नव्हे. माझी बोली १२० पाउंडला बसली, त्यावर २५ टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे ऑक्शनवाल्यांचं कमिशन, धरून १५० झाले, पॅकिंग आणि कुरिअरचे ४०, म्हणजे १९०, आपले वीस हजारांच्या वर, वर कस्टम ड्युटी वेगळी. मी उलटं करतो, घरात येईपर्यंत किती द्यायचे ते वहीत लिहितो, तिथून मागं येत बोलीचा आकडा काढतो आणि तोच मॅक्झिमम बिड म्हणून टाकून फोन बाजूला ठेवतो. शेवटच्या दोन मिनिटांत आकडे पळायला लागले की हात शिवशिवतो, त्या दोन मिनिटांत घेतलेल्या गोष्टींचाच मला नंतर पस्तावा झालाय.

सगळ्यात मोठा पस्तावा ट्रायलोबाइटचा, म्हणजे समुद्रातल्या एका कधीच्या संपलेल्या प्राण्याच्या जीवाश्माचा. आपल्या काळ्या दगडात जीवाश्म मिळत नाहीत, लाव्हात कोण जगणार, मिळाले तर दोन थरांच्या मधल्या गाळात, आणि तेही बहुतेक नागपूर, मध्य प्रदेशकडं. म्हणून एका विक्रेत्याकडून मोरोक्कोचा म्हणून एक काटेरी ट्रायलोबाइट बोलीत घेतला. घरी दहा पटीच्या भिंगाखाली धरला तर पृष्ठभागावर बारीक बारीक हवेचे बुडबुडे. रेझिनचा साचा, वर रंग आणि दगडाची भुकटी. गाव विचारलं होतं तर उत्तर आलं होतं नुसतं 'मोरोक्को'. त्या दिवसापासून खाण किंवा निदान जिल्हा सांगता येत नसेल तर मी बोली लावत नाही, पीस कितीही देखणा असू दे.

मोठ्या ऑक्शनमध्येसुद्धा शेवटी हाच प्रश्न येतो. २०१२ साली न्यूयॉर्कला टार्बोसॉरस नावाच्या डायनोसॉरचा सांगाडा दहा लाख डॉलरच्या वर गेला, मंगोलिया म्हणाला हा आमच्या देशातून चोरून नेलाय, कोर्टात गेलं आणि २०१३ ला सांगाडा मंगोलियाला परत मिळाला. मला ते फार बरं वाटलं. २०२४ मध्ये एपेक्स नावाचा स्टेगोसॉरस, हाही डायनोसॉरच, ४.४६ कोटी डॉलरला गेला, अंदाज होता ४० ते ६० लाखांचा. असल्या आकड्यांपुढं म्युझियमांनी काय करायचं, हाडं एखाद्याच्या बंगल्यात गेली तर अभ्यास करणाऱ्यांनी कुठं बघायचं, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपण छोटे लोक, पण खाणीचं नाव जपणं आपल्या हातात आहे. चिठ्ठी हरवली की दगडाची माहिती गेली, ती परत कुणाला काढता येत नाही.

आज्जीच्या देवघरात शाळीग्राम आहे, गंडकीचा, दर तुळशीच्या लग्नाला बाहेर येतो. त्याच्यावरचं चक्र म्हणजे अमोनाइट, समुद्रातला शंखधारी प्राणी, ज्युरासिक काळातला. ही जात डायनोसॉरबरोबरच संपली, म्हणजे साधारण आपला हा कातळ ओतला जात होता त्याच सुमाराला. हे कळल्यापासून मी तो हातात घेतो तेव्हा नमस्कारही करतो आणि भिंगही काढतो, दोन्ही मनापासून. आज्जीला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग तर अजून जपायला पाहिजे.

पार्सल मंगळवारी आलं. धुतलं नाही, ॲसिड तर झिओलाइटला कधीच लावू नका, नुसती मऊ ब्रशनं धूळ झाडली. जुनी चिठ्ठी प्लास्टिकच्या पाकिटात घातली, खाली माझी एक जोडली, कुठल्या ऑक्शनमधून, लॉट नंबर, तारीख, किंमत. आई चहा घेऊन आली, बराच वेळ बघत उभी राहिली आणि विचारलं, ह्याचं गाव कुठलं म्हणायचं?

भोर घाट.

म्हणजे खंडाळ्याकडचा, म्हणाली, आणि कपाटात मामाच्या विहिरीतल्या त्या मोडक्या सुयांच्या शेजारी जागा करून दिली.