अटलांटिक अव्हेन्यूवरची अरबी दुकानं

जर्सी सिटीहून पाथ ट्रेननं वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरलं की बहुतेक जण स्मारकाकडे वळतात. वहिनींना घेऊन मी आधी दक्षिणेला, वॉशिंग्टन स्ट्रीटवर गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सीरिया-लेबनॉनकडून आलेल्या लोकांची इथे वस्ती होती, 'लिटल सीरिया'. 1940 च्या दशकात ब्रुकलिन-बॅटरी बोगद्याच्या रस्त्यांसाठी तिचा मोठा भाग पाडला गेला. सेंट जॉर्ज चर्चची पांढरी इमारत उंच इमारतींच्या मधे अजून उभी आहे.

वस्ती गेली, पण तिची दुकानदारी नदीपलीकडे तगली. मॅनहॅटनच्या टोकाहून सुटणारी फेरी पूर्वी ब्रुकलिनमध्ये थेट अटलांटिक अव्हेन्यूच्या तोंडाशी लागायची, त्यामुळे बरीच कुटुंबं तिकडे गेली. आम्ही सबवेनं बरो हॉलला उतरलो आणि चालत तो रस्ता गाठला.

'सहादीज' हे तिथलं सगळ्यात नावाजलेलं दुकान. घराण्याचा व्यापार 1895 पासूनचा, या रस्त्यावर 1948 पासून. आत गेल्यावर आधी नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि मग सुट्या मालाच्या काउंटरपाशी थांबायचं. जर्दाळू, अंजीर, पिस्ते, डाळी, ऑलिव्ह, सगळं बरण्यांतून नि पिंपांतून काढून वजनावर मिळतं. ही थांबण्याची वेळ मला फार आवडली. पुढच्या आजीबाईंनी दोन प्रकारचे ऑलिव्ह चाखले, तिसरे घेतले, आणि कुणीही घाई केली नाही. आमचा नंबर आल्यावर वहिनींनी सुमाक मागितलं. गडद लाल, जाडसर भुकटी. आंबटपणा आमसुलासारखा, पण कोरडा. शिवाय झातर (रानटी ओव्यासारखी पानं, तीळ नि सुमाक यांचा मसाला), अलेप्पोची मिरची आणि डाळिंबाच्या रसाचा दाट काकवीसारखा पाक. जवळच 'दमास्कस' बेकरी आहे, 1930 च्या दशकातली. तिथे पालक भरलेला फतायर, म्हणजे भाजलेला त्रिकोणी पाव, घेतला आणि रस्त्यावरच खाल्ला.

आसपासचा परिसर मात्र पार पालटलाय. शेजारची ब्रुकलिन हाइट्स ही वस्ती 1965 मध्ये न्यूयॉर्कमधला पहिला संरक्षित ऐतिहासिक विभाग झाली. पुढे जुन्या घरांची डागडुजी होत गेली आणि किमती सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या. अरबी वस्तीचं केंद्र दक्षिणेला बे रिजकडे सरकलं. कोर्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जुन्या बँकेच्या भव्य इमारतीत 2008 पासून सुपरमार्केट आहे. याच रस्त्यावर पुढे पूर्वेला 2012 मध्ये बार्कलेज सेंटर हे मोठं क्रीडागृह उभं राहिलं.

तरी ही दुकानं चालतात, आणि ती नुसत्या आठवणींवर चालत नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. कुठल्या प्रदेशाचा पिस्ता भाजायला चांगला, कुठला मिठाईला, हे काउंटरवरच्या माणसाला ठाऊक असतं. नव्यानं राहायला आलेले लोकही त्यासाठीच रांगेत थांबतात. पण वजनकाट्यामागची माणसं बदलली आणि माल पाकीटबंद झाला, तर पाटी जुनी राहूनही दुकान उरणार नाही.

परतताना वहिनी जर्सी सिटीतल्या न्यूअर्क अव्हेन्यूबद्दल बोलत होत्या. आपली पोहे, कोकम, भाजणी मिळणारी दुकानं तिथली, आणि जवळच जर्नल स्क्वेअरला टॉवरमागून टॉवर उठताहेत. "महिन्याचं सामान ऑनलाइन मागवायचं बंद करते," त्या म्हणाल्या. शनिवारी आम्ही पिशव्या घेऊन तिकडे गेलो. संध्याकाळी काकडीच्या कोशिंबिरीवर दाण्याच्या कुटाबरोबर चिमूटभर सुमाक घातलं. दादानं दोनदा वाढून घेतली.